मोठं लॅबव्ह्यू अ‍ॅप्लिकेशन बांधताना: कागदापासून डिप्लॉयमेंटपर्यंत

एका टेस्ट स्टँडवर नमुन्याला दाबाची आवर्तनं द्यायची होती. दाब चढवायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा, मोजणी एकने वाढवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रोग्राम लॅबव्ह्यूमध्ये, म्हणजे वायर जोडून चित्रातून प्रोग्राम लिहायच्या भाषेत होता आणि मीच लिहिलेला होता. सात आठवडे तो बिनबोभाट चालला. मग एका सकाळी येऊन पाहतो तर स्क्रीनवर सगळं हिरवं, एरर एकही नाही आणि नमुना मात्र रात्रभर पूर्ण दाबाखाली. ‘धरून ठेव’ या स्टेटमधून प्रोग्राम बाहेरच पडला नव्हता.

कारण सापडायला दोन दिवस गेले. वेळ मोजायला मी टिक काउंट वापरला होता. त्यातून मिलिसेकंदांचा आकडा मिळतो, ३२ बिटांचा, बिनचिन्हाचा. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग शून्यावर येतो. याला ४९ दिवस १७ तास लागतात. खरं तर यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही आकडे बिनचिन्हाचे पूर्णांक असतील तर वजाबाकी शून्य ओलांडल्यावरही बरोबर येते. पण सुरुवातीची वेळ ठेवायला क्लस्टरमध्ये (अनेक मूल्यांच्या गाठोड्यात) जे न्यूमेरिक टाकलं होतं, ते लॅबव्ह्यूने सवयीप्रमाणे डबल, म्हणजे ६४ बिटांचा दशांश आकडा, केलं आणि मी ते बदललं नाही. वजाबाकी डबलमध्ये झाली, उत्तर उणे चारशे कोटींच्या घरात गेलं आणि ‘५००० पेक्षा जास्त झाले का?’ या प्रश्नाचं उत्तर कायमचं ‘नाही’ झालं.

हा घोटाळा डायग्रामवर, म्हणजे प्रोग्रामच्या चित्रावर, दिसत होता. वायर क्लस्टरमध्ये शिरते तिथे एक आणि वजाबाकीच्या चिन्हावर एक, असे दोन बारीक लाल ठिपके होते. ‘इथे मी गुपचूप टाइप बदलतोय’ असं लॅबव्ह्यू त्या ठिपक्यांतून सांगतो. त्या डायग्रामवर असे साठ-सत्तर ठिपके होते, त्यामुळे हे दोन कोणाच्याच नजरेत भरले नाहीत.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झालं, त्याच्याही मुळाशी असंच रूपांतर होतं. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला गेला आणि मावला नाही. तो प्रोग्राम लॅबव्ह्यूत नव्हता. पण चूक आपल्या ओळखीची आहे.

चित्रातून प्रोग्राम लिहिण्याचा फायदा हाच की डेटा कुठून कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं. १९८६ साली मॅकिंटॉशवर लॅबव्ह्यू आला तो याच बळावर. वीस व्हीआयच्या प्रोग्रामला हे पुरतं (व्हीआय म्हणजे लॅबव्ह्यूतली एक प्रोग्राम-फाइल). हजार व्हीआय झाले की वायरमधून जे दिसत नाही ते सगळं अंगावर येतं: ग्लोबल व्हेरिएबल, गिळलेल्या एरर, नावाने शोधलेल्या क्यू (डेटाच्या रांगा), ‘इथे असंच असतं’ अशा समजुती. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे. चूक शक्यतो वायर ओढतानाच दिसली पाहिजे, आणि जमेल तिथे तिने रन बाण (प्रोग्राम चालवायचं बटण) तोडला पाहिजे. बाण तुटला की प्रोग्राम चालतच नाही, आणि रात्री मशीनवर चुकीचा चालण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पायरी १: लॅबव्ह्यू उघडण्याआधी

कागदावर तीन गोष्टी लिहा. पहिली, सिस्टिमने काय काय करायचं आहे. प्रत्येक अपेक्षेला एक क्रमांक द्या आणि ती पूर्ण करणाऱ्या व्हीआयच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तोच क्रमांक लिहा. वैद्यकीय उपकरणांचं आयईसी ६२३०४ किंवा विमानांतल्या सॉफ्टवेअरचं डीओ-१७८सी यांसारखी मानकं लागू असतील तर हा दुवा दाखवावाच लागतो. नसतील तरी सहा महिन्यांनी ‘हा कोड कशासाठी आहे?’ हा प्रश्न तुम्हालाच पडणार आहे.

दुसरी, कोणता डेटा कोणाच्या मालकीचा. तापमानाचा सेटपॉइंट बदलण्याचा हक्क एकाच मॉड्यूलला असावा. बाकीच्यांनी मागावा, परस्पर बदलू नये.

तिसरी यादी सर्वात महत्त्वाची: काय बिघडलं तर काय करायचं. सेन्सर तुटला, नेटवर्क गेलं, डिस्क भरली, विंडोज मध्येच रीस्टार्ट झालं. प्रत्येकासमोर सुरक्षित स्थिती लिहा: कोणता व्हॉल्व्ह उघडा, कोणता बंद, हीटरची पॉवर कुठे तुटते. ही यादी करताना लक्षात येतं की काही उत्तरं सॉफ्टवेअरकडे नाहीतच. इमर्जन्सी स्टॉपचं बटण थेट रिलेवर असलं पाहिजे. लॅबव्ह्यूने ते दाबलं गेल्याची फक्त नोंद घ्यायची. थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात रुग्णांना घातक डोस दिले, त्यामागे सॉफ्टवेअरमधली रेस कंडिशन (दोन कामं एकाच वेळी एकाच डेटावर गेल्याने होणारा घोळ) होती. पण आधीच्या मॉडेलमधलं हार्डवेअर इंटरलॉक काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता, हेही तितकंच मोठं कारण होतं.

पायरी २: प्रोजेक्टची मांडणी

डेस्कटॉपवर सुटे व्हीआय ठेवून मोठं काम होत नाही. सुरुवातीलाच प्रोजेक्ट फाइल करा आणि प्रत्येक मॉड्यूलसाठी वेगळी लायब्ररी किंवा क्लास ठेवा. लायब्ररीचे दोन फायदे. एक, नावांची टक्कर टळते. दहा मॉड्यूलमध्ये दहा ‘इनिट’ नावाचे व्हीआय सुखाने नांदतात. दोन, स्कोप. बाहेरच्यांनी बोलवायचे तेवढे चार-पाच व्हीआय पब्लिक ठेवा, बाकी प्रायव्हेट. मग कोणी आतल्या व्हीआयला परस्पर हात घातला की बाण तुटतो.

डिस्कवरची फोल्डर आणि प्रोजेक्टमधली रचना सारखीच असू द्या. टीममध्ये सगळ्यांकडे लॅबव्ह्यूची एकच आवृत्ती असणं ही मात्र अट समजा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला व्हीआय जुन्यात उघडत नाही, आणि नव्या माणसाने नवीन आवृत्तीत एकदा ‘सेव्ह ऑल’ दाबलं की बाकीच्यांची दुपार गेलीच म्हणून समजा.

पायरी ३: टाइप पक्के करा

इथे वेळ घालवा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच वाचते.

दोनपेक्षा जास्त ठिकाणी लागणारा प्रत्येक क्लस्टर आणि प्रत्येक एनम (ठरावीक पर्यायांची यादी) टाइपडेफ, म्हणजे एकाच जागी ठेवलेली टाइपची व्याख्या, असला पाहिजे. क्लस्टरमध्ये एक फील्ड वाढवायचं झालं तर टाइपडेफमध्ये एकदा बदला, सगळीकडे बदलतं. टाइपडेफ नसेल तर दोनशे ठिकाणी हाताने बदलावं लागतं आणि एक ठिकाण हमखास राहतं.

क्लस्टरमध्ये मूल्य घालताना आणि काढताना नेहमी नावाने बंडल आणि अनबंडल करा, क्रमाने कधीच नाही. दाब आणि तापमान दोन्ही डबल आहेत. कोणी क्लस्टरमधला क्रम बदलला तर क्रमाने केलेल्या बंडलमध्ये दाबाच्या जागी तापमान जाईल, वायरचा रंग तोच राहील आणि बाण काही तुटणार नाही.

नावातच एकक लिहा. ‘दाब’ नको, ‘दाब_बार’ हवं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये गेलं, कारण एका बाजूने आकडा पाउंड-फोर्स सेकंदांत दिला आणि दुसऱ्या बाजूने तो न्यूटन सेकंदांत वाचला. आकडा दोन्हीकडे आकडाच दिसतो.

आता केस स्ट्रक्चर, म्हणजे मूल्याप्रमाणे वेगळा कोड चालवणारी चौकट. स्टेट मशीन एनमवर चालवा, आणि एनमच्या केस स्ट्रक्चरला डिफॉल्ट केस ठेवू नका. ही सवय मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लावतो. समजा आज सहा स्टेट आहेत आणि सहाही केस लिहिल्या आहेत. उद्या कोणी ‘थंड होऊ दे’ हा सातवा स्टेट टाइपडेफमध्ये टाकला, तर डिफॉल्ट नसलेल्या प्रत्येक केस स्ट्रक्चरपाशी बाण तुटतो. एरर लिस्ट उघडली की कोडमध्ये कुठे कुठे या स्टेटचा विचार करायचा राहिलाय त्याची आयती यादी मिळते. डिफॉल्ट असेल तर सातवा स्टेट निमूटपणे त्यात शिरतो, आणि तिथे बहुधा काहीच लिहिलेलं नसतं.

स्टेटची नावं स्ट्रिंगने ठेवली असतील तर डिफॉल्ट द्यावाच लागतो. मग त्यात ‘अनोळखी संदेश’ अशी एरर तयार करा आणि कोणता शब्द आला तो तिच्या मजकुरात जोडा. स्पेलिंगची चूक पहिल्या पाच मिनिटांत पकडली जाते.

एक सावधगिरी: एनमचा आकडा फाइलमध्ये साठवू नका, नाव साठवा. मधोमध नवा पर्याय घुसवला की जुन्या फाइलमधला ३ वेगळाच अर्थ सांगू लागतो.

राहता राहिले लाल ठिपके. प्रत्येक ठिपका एकतर काढून टाका, नाहीतर तिथे रूपांतराचा नोड मुद्दाम टाकून दाखवा की हे मी जाणूनबुजून करतोय. डायग्रामवर शून्य ठिपके असले की नवा आलेला एक लगेच डोळ्यात खुपतो.

पायरी ४: सबव्हीआयची शिस्त

डायग्राम एका स्क्रीनवर मावला पाहिजे. बाजूला सरकवावा लागला की त्यातला एक तुकडा सबव्हीआय (दुसऱ्या व्हीआयने बोलावलेला व्हीआय) व्हायला आलाय. कनेक्टर पेनचा (वायर जोडायच्या टर्मिनलांच्या मांडणीचा) नमुना सगळीकडे एकच ठेवा, ४-२-२-४ पुरेसा आहे. एरर इन डावीकडे खाली, एरर आउट उजवीकडे खाली. रिकामी टर्मिनलं राहू द्या. नंतर नमुना बदलला की ज्यांनी ज्यांनी तो व्हीआय बोलावलाय त्या सगळ्यांच्या वायर पुन्हा ओढाव्या लागतात.

ज्या इनपुटशिवाय व्हीआयला अर्थ नाही ते ‘रिक्वायर्ड’ करा. वायर जोडायची राहिली की बाण तुटेल. नाहीतर डिफॉल्ट मूल्य, म्हणजे बहुतेकदा शून्य, आत जाईल. शून्य सेटपॉइंट कधी निरुपद्रवी असतो, कधी नसतो.

आयकॉनवर चित्र काढत बसू नका. दोन-तीन शब्द लिहिले तरी पुरे.

पायरी ५: आर्किटेक्चर निवडताना

एकाच लूपमध्ये वाचन, गणित, फाइल आणि स्क्रीन असं सगळं कोंबलं की एक दिवस फाइल लिहायला वेळ लागतो आणि वाचन चुकतं. म्हणून कामं वेगळ्या लूपमध्ये टाका आणि मधे क्यू ठेवा. प्रोड्युसर-कन्झ्युमर यालाच म्हणतात. त्यापुढची पायरी म्हणजे क्यूड मेसेज हँडलर: प्रत्येक लूपला स्वतःची क्यू, आणि क्यूमधून येणाऱ्या संदेशाप्रमाणे तो काम करतो.

मॉड्यूल पाच-सातच्या पुढे गेले आणि टीममध्ये तीन-चार माणसं असली तर तयार चौकट घ्या. डीक्यूएमएचमध्ये इव्हेंटवर चालणारी ठरावीक साच्याची मॉड्यूल मिळतात आणि प्रत्येकाला वेगळं चालवून पाहण्यासाठी टेस्टर मिळतो. नवा माणूस आठवड्याभरात सरावतो. अ‍ॅक्टर फ्रेमवर्क २०१२ पासून लॅबव्ह्यूसोबतच येतं. ते पूर्णपणे क्लासवर उभं आहे, ताकदवान आहे, पण वारसा आणि डायनॅमिक डिस्पॅच (कोणत्या क्लासची पद्धत चालवायची हे प्रोग्राम चालताना ठरणं) पक्कं समजलेली माणसं हवीत. माझं मत विचाराल तर टीममधल्या सर्वात नवख्या माणसाला जे डीबग करता येईल ते घ्या. रात्री फोन आला की तोच तिथे असतो.

क्यू वापरताना तीन खड्डे ठाऊक हवेत. क्यूला कमाल लांबी दिली नाही तर ती हवी तितकी वाढते. कन्झ्युमर मंद असेल तर मेमरी हळूहळू भरत जाते आणि आठवड्याने प्रोग्राम कोसळतो. दुसरं, नावाने क्यू मिळवण्याचं काम लूपच्या आत केलं तर दर फेरीला नवा रेफरन्स (क्यूपर्यंत पोचायची खूण) तयार होतो. तो सोडला नाही तर गळती सुरू. तिसरा खड्डा जास्त फसवा आहे. ज्या टॉप लेव्हल व्हीआयने क्यू तयार केली तो थांबला की क्यूही नाहीशी होते, भले दुसरे दहा जण त्याचाच रेफरन्स वापरत असोत. त्यांना अचानक ११२२ क्रमांकाची एरर मिळते आणि चूक कोणाची हे कळत नाही. म्हणून क्यू तयार करणारा व्हीआय सगळ्यांच्या शेवटी थांबला पाहिजे, हे आधीच ठरवा.

आता ग्लोबल आणि लोकल व्हेरिएबल. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी फक्त वाचायचं असेल तर ग्लोबल चालतो, उगाच सोवळं पाळायची गरज नाही. पण ‘वाचा, एक मिळवा, परत लिहा’ असं दोन लूप करत असतील तर खेळ संपला. पहिल्याने ४१ वाचले, दुसऱ्यानेही ४१ वाचले, दोघांनी ४२ लिहिले. दोन आवर्तनं झाली, मोजणी एकाने वाढली. डायग्रामवर हे दिसत नाही, कारण त्या दोघांमध्ये वायरच नाही. असं काम फंक्शनल ग्लोबलच्या आत न्या. म्हणजे नॉन-रीएंट्रंट व्हीआय, त्यात मागचं मूल्य लक्षात ठेवणारं अनइनिशियलाइज्ड शिफ्ट रजिस्टर, आणि ‘वाढव’ ही कृती त्याच्या पोटात. एका वेळी एकच जण आत जाऊ शकतो. फक्त ‘गेट’ आणि ‘सेट’ अशा दोनच कृती असलेलं फंक्शनल ग्लोबल करून उपयोग नाही. रेस कंडिशन तशीच राहते, फक्त ग्लोबल व्हेरिएबलला नवी झूल मिळते.

इव्हेंट स्ट्रक्चरबद्दल एवढंच: इव्हेंटच्या केसमध्ये लांबलचक काम करू नका. ते संपेपर्यंत फ्रंट पॅनल गोठतो. ऑपरेटर ‘थांबवा’ दाबत राहतो आणि बटणाला काही होत नाही.

पायरी ६: एरर

एरर क्लस्टरमध्ये तीनच गोष्टी असतात: स्टेटस, कोड आणि सोर्स. वापरायला सोपा, आणि तितक्याच सहज त्याचा गैरवापर होतो.

एरर वायर जिथे डेटाची गरज नाही तिथेही ओढा, क्रम त्यानेच ठरतो. सिक्वेन्स स्ट्रक्चर मग क्वचितच लागतं. स्वतःच्या एररसाठी ५००० ते ९९९९ या पट्ट्यातले कोड घ्या आणि प्रत्येक मॉड्यूलला त्यातले शंभर-शंभर वाटून द्या. कोड पाहताच कोणतं मॉड्यूल ते कळतं.

फॉर लूपमधून एरर नेताना ती शिफ्ट रजिस्टरमधून न्या. साध्या टनेलमधून (लूपच्या कडेवरच्या वायरच्या वाटेतून) नेली आणि लूप शून्य वेळा फिरला तर पलीकडे ‘एरर नाही’ असं निघतं, आधीची एरर असली तरी. रेफरन्सचंही तसंच: शून्य फेऱ्यांनंतर तुमच्या हातात पोकळ रेफरन्स येतो.

क्रिटिकल लूपमध्ये डायलॉग दाखवणारे एरर हँडलर ठेवू नका. कोणी ओके दाबेपर्यंत लूप तिथेच उभा राहतो. एरर एका सामाईक क्यूवर टाका. एक वेगळा लूप ती नोंदवेल, दाखवेल आणि गंभीर असेल तर शटडाउनचा संदेश पाठवेल.

शटडाउनवरून आठवलं. ही चूक मी दोन वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये पाहिली आहे, आणि दोन्ही ठिकाणी रिव्ह्यू झालेला होता. डायग्राम डावीकडून उजवीकडे असा वाचता येतो: तापमान वाचा, गणित करा, हीटरला आउटपुट द्या, आणि लूप संपल्यावर ‘हीटर शून्य करा’ हा व्हीआय, मग टास्क बंद. एरर वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ गेलेली, दिसायला देखणी. आता तापमान वाचताना एरर आली. लूप थांबला. एरर वायर ‘हीटर शून्य करा’मध्ये शिरली. त्या व्हीआयने पाहिलं की एरर आहे, आणि नियमाप्रमाणे काहीच केलं नाही. टास्क बंद झाला, कारण बंद करणारे नोड एरर असली तरी चालतात. कार्डाच्या अ‍ॅनलॉग आउटपुटवर मात्र शेवटचं मूल्य तसंच राहिलं. प्रोग्राम संपला, हीटर चालू.

उपाय साधा आहे. सुरक्षित स्थितीला नेणाऱ्या व्हीआयला वरून आलेली एरर जोडू नका. त्याच्या आत कोरी एरर वायर सुरू करा, काम होऊ द्या आणि शेवटी मर्ज एरर्सने दोन्ही एकत्र करा. मग प्रत्येक आउटपुटसाठी मुद्दाम एरर आत ढकलून पाहा. वाचून पटलं एवढ्यावर थांबू नका, मीटर लावून बघा.

पायरी ७: व्हर्जन कंट्रोल

व्हीआय ही बायनरी फाइल आहे. गिट ती सांभाळतं, पण दोन माणसांचे बदल आपोआप एकत्र करू शकत नाही. लॅबव्ह्यूची तुलना आणि मर्ज करणारी साधनं आहेत. तुलनेचं चांगलं चालतं, मर्जवर मी तरी विसंबत नाही. त्यापेक्षा टक्करच होऊ देऊ नका: व्हीआय लहान ठेवा, मॉड्यूलला मालक ठेवा, ब्रँच दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगवू नका, आणि सामाईक टाइपडेफ बदलण्याआधी लॉक लावा. सबव्हर्जनमध्ये आणि गिट एलएफएसमध्ये लॉकची सोय आहे.

प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये कंपाइल केलेला कोड सोर्स फाइलपासून वेगळा ठेवण्याचा पर्याय २०१० पासून आहे. तो पहिल्या दिवशी चालू करा. नाहीतर एक टाइपडेफ बदलला की त्याला वापरणारे शेकडो व्हीआय ‘बदलले’ म्हणून सेव्ह व्हायला मागतात आणि खरा बदल त्या गर्दीत हरवतो.

रिव्ह्यू करताना जुना आणि नवा डायग्राम शेजारी ठेवून, लिहिणाऱ्या माणसासोबत बसा. मी तीनच गोष्टी हुडकतो: ठिपके, न जोडलेली एरर आउट, आणि ज्याची वायर दिसत नाही असा डेटा.

पायरी ८: टेस्ट, हार्डवेअर नसताना

टेस्ट करायला मशीन मोकळं मिळत नाही ही कायमची रड. म्हणून हार्डवेअरसमोर एक पातळ थर ठेवा. ‘दाबमापक’ नावाचा मूळ क्लास, त्यात ‘सुरू करा’, ‘वाचा’, ‘बंद करा’ या पद्धती. खऱ्या उपकरणाचा एक वारस क्लास आणि नकली उपकरणाचा दुसरा. लॅबव्ह्यूमध्ये क्लास २००६ पासून आहेत, त्यामुळे याला सबब नाही. कोणता वापरायचा हे कॉन्फिगरेशन फाइलमधून ठरतं, बाकीच्या कोडला पत्ताही लागत नाही.

नकली उपकरण शहाण्यासारखं वागणारं करू नका. त्याला त्रास देता आला पाहिजे: दहाव्या वाचनाला टाइमआउट, विसाव्याला नॅन (आकडाच नसलेलं मूल्य), मग एकदम शंभर पट मूल्य. खऱ्या उपकरणाला हे सगळं करायला लावायचं तर ते तोडावं लागेल.

युनिट टेस्टसाठी युनिट टेस्ट फ्रेमवर्क किंवा मुक्त स्रोत काराया, जे रुचेल ते घ्या. व्हीआय अ‍ॅनलायझर न जोडलेल्या एरर, ठिपके, डॉक्युमेंटेशन नसलेले व्हीआय शोधून देतो. त्याचे सगळे नियम पहिल्या दिवशी लावले तर हजारो तक्रारी येतात आणि लोक तो बंद करतात. पाच नियमांनी सुरुवात करा. हे सगळं कमांड लाइनवरून चालवता येतं, म्हणून प्रत्येक पुशनंतर एका वेगळ्या मशीनवर टेस्ट आणि बिल्ड आपोआप होऊ द्या. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य मग आपसूक बंद होतं.

पायरी ९: रिअल-टाइम असेल तर

रिअल-टाइम टार्गेटवर प्रश्न वेगाचा नसतो, वेळेवर होण्याचा असतो. क्रिटिकल लूपमध्ये फाइल, नेटवर्क आणि अ‍ॅरे वाढवत नेणं वर्ज्य. अ‍ॅरेची जागा आधीच घेऊन ठेवा. डेटा बाहेर द्यायला रिअल-टाइम फिफो (आधी आलेलं आधी बाहेर, अशी रांग) वापरा.

सामाईक सबव्हीआय इथे विशेष छळतात. व्हीआय मुळात नॉन-रीएंट्रंट असतो. कमी प्राधान्याचा लॉगिंग लूप तो वापरत असताना जास्त प्राधान्याच्या कंट्रोल लूपला तोच हवा असेल, तर कंट्रोल लूप थांबतो. तेवढ्यात मधल्या प्राधान्याचं काम आलं तर लॉगिंग लूप मागे पडतो आणि त्याच्यासोबत कंट्रोल लूपही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. म्हणून दोन्ही लूपमध्ये लागणारे गणिताचे छोटे व्हीआय आधीच जागा घेणारे रीएंट्रंट (एकाच वेळी अनेकांना वापरता येणारे) करा.

हार्डवेअर वॉचडॉग (प्रोग्रामने ठरावीक वेळात खूण दिली नाही तर दखल घेणारा टायमर) चालू करा, आणि त्याला थोपटण्याचं काम क्रिटिकल लूपकडेच द्या. वेगळ्या लूपमधून थोपटलं तर मुख्य काम मेलं तरी वॉचडॉग समाधानी राहतो.

पायरी १०: बिल्ड, आणि मग नुसतं चालू ठेवणं

मशीनवर डेव्हलपमेंटची लॅबव्ह्यू टाकू नका. बिल्ड केलेली एक्झिक्युटेबल आणि तिच्याच आवृत्तीचं रनटाइम इंजिन द्या, ड्रायव्हरच्या आवृत्त्याही लिहून ठेवा. बिल्ड क्रमांक आणि गिटचा कमिट स्क्रीनवर कोपऱ्यात दिसू द्या. फोनवरून पहिला प्रश्न तोच असतो.

त्यानंतर सोक टेस्ट. नकली उपकरणं जोडून प्रोग्राम किमान दोन आठवडे अखंड चालवा आणि दर मिनिटाला मेमरी, हँडलची संख्या, क्यूंची लांबी नोंदवा. दोन आठवड्यांचा आलेख सपाट हवा. जराशीही चढती रेघ दिसली तर ती कुठे पोचते हे गुणाकाराने काढा.

पण पन्नास दिवसांचा बग दोन आठवड्यांत सापडत नाही, आणि पन्नास दिवस थांबायला कोणाकडे वेळ नसतो. म्हणून टिक काउंट आता आमच्याकडे कोणी थेट वापरत नाही. त्याच्याभोवती एक छोटा व्हीआय आहे, जो प्रोग्राम सुरू होताना एक ठरावीक आकडा त्यात मिळवतो. आकडा असा निवडतो की सुरुवातीनंतर दोन मिनिटांनी काउंटर शून्य ओलांडेल. लिनक्स कर्नलमध्येही हीच युक्ती आहे, तिथला काउंटर बूट झाल्यावर पाच मिनिटांत उलटेल असाच सुरू करतात. आमच्या स्टँडवर आता रोज सकाळी प्रोग्राम चालू केल्यावर दोन मिनिटांनी तो क्षण येऊन जातो, आणि वेळेच्या हिशोबात कोणी डबल घुसवला असेल तर सुरुवातीच्या काही मिनिटांतच वॉचडॉग ओरडतो. गेल्या वर्षी तो एकदा ओरडला. नव्या माणसाने क्लस्टरमध्ये एक न्यूमेरिक टाकलं होतं आणि त्याचा टाइप बदलायला तो विसरला होता.